चाळीसाव्याच्या आत कार्ड चालू करणे

शनिवार, १० ऑक्टोबर. सकाळ.

आजपासून रोजनिशी. तांत्रिक कामाची नोंद ठेवायची असते हे मी जर्मनीत शिकलो (१९९०, सहा महिने, सरकारी खर्चाने). आमच्या शुब्रा मोहल्ल्यातल्या घरात ही सवय कोणालाच नाही.

काम: सासऱ्यांचा, म्हणजे अम्म इलहामींचा (अम्म म्हणजे काका, मानाने), जुना कॉम्प्युटर चालू करणे. मुदत: गुरुवार, ५ नोव्हेंबर. त्या दिवशी त्यांना जाऊन चाळीस दिवस होतात. जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात त्यांनी इनायातला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की मशीनमध्ये तुझ्यासाठी लिहून ठेवलंय, चाळीसाव्याला चारचौघांत वाच. काय लिहिलंय ते सांगितलं नाही. तेव्हापासून ती रोज त्या मशीनवरची धूळ पुसते आणि माझ्याकडे बघते.

सव्वीस दिवस आहेत. मला दोन पुरेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

मशीन १९८८ चं. अम्म इलहामी कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. टाइपरायटर टाकून कॉम्प्युटर घेणारे त्या रांगेतले ते पहिले. त्यात एक लांबलचक अरबी कार्ड खोचलेलं आहे. आमची अक्षरं उजवीकडून डावीकडे, एकमेकांना जोडून पडद्यावर आणायची, हे त्या कार्डाचं काम. ते नसेल तर मशीनला फक्त इंग्रजी येतं.

जुनं यंत्र आधी पुसायचं, मग चालू करायचं. कार्ड काढून कोलोनने लखलखीत पुसलं. पुसताना त्यावरची एक चिमुकली काळी टोपी खाली पडली. पिनांच्या आठ जोड्या आहेत, इंग्रजीत शून्य ते सात नंबर छापलेत, त्यातल्या एका जोडीवर ती टोपी बसते. कुठल्या, ते आधी पाहायचं राहिलं. पण सासरे व्यवस्थित माणूस. झाकणाच्या आत पाकीट चिकटवून त्यावर पेन्सिलने भला मोठा शून्य काढून ठेवलेला. टोपी शून्यावर बसवली.

चालू केलं. फाइल सापडली, उघडली. पडद्यावर नुसता कचरा. चौकोन, शेपट्या, उलटी प्रश्नचिन्हं. निदान: कार्ड बिघडलेलं आहे. वेळेवर लक्षात आलं हे बरं झालं.

संकल्प: काम होईपर्यंत चहात चारऐवजी दोनच चमचे साखर. डोकं शांत राहतं.

रविवार, ११ ऑक्टोबर.

कार्डाचे सोनेरी दात खोडरबरने घासले. हा जगभर मान्य उपाय आहे. कचरा होता तसाच, पण मला तो जास्त स्पष्ट दिसला. प्रगती.

मंगळवार, १३ ऑक्टोबर.

मेहुण्याचा, रिफअतचा फोन. म्हणाला की बाब अल-लूकच्या बाजारात उस्ता, म्हणजे उस्ताद, लबीब बसतो, तीस वर्षं हीच कार्डं दुरुस्त करतोय, त्याच्याकडे टाक आणि मोकळा हो. मी म्हटलं की कारागिराला हात असतात, अभ्यास नसतो. त्यावर म्हणाला, बाशमुहंदिस वग्दी, उपकार कर आणि तू हात लावू नकोस. बाशमुहंदिस हे इंजिनियरला मानाने म्हणतात. रिफअत म्हणतो तेव्हा त्यातला मान गळून पडतो. स्वतः पडदे विकतो.

फाइल लॅपटॉपवर उघडून बघ असंही सांगत होता. बघितली. त्या काळचं अरबी आजच्या लॅपटॉपला ओ का ठो कळत नाही. तसं सांगितलं तर म्हणाला, मग तुम्ही दोघं सारखेच.

हे घराणंच खोचक. मागणी घालायला गेलो तेव्हा अम्म इलहामींनी स्वतःच्या हाताने पत्ता लिहून दिला होता. घर नंबर पंधरा. मी बसबूसा मिठाईचं ताट घेऊन दहा नंबरात जाऊन बसलो. जिन्यातला दिवा गेलेला, माझा काय दोष? त्या लोकांनाही लग्नाची मुलगी होती. बोलणी बरीच पुढे गेली होती. तेव्हापासून मरेपर्यंत सासरे मला 'दहा नंबरचा नवरदेव' म्हणाले. ते खरं तर प्रेम होतं.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर. दुपार.

शुक्रवारच्या बाजारात हुबेहूब तसलं कार्ड मिळालं. विकणाऱ्याने आईच्या डोळ्यांची शपथ घेतली. घरी आणून बसवलं. मशीनमधून टेलिफोनचा सूर आला आणि मग सगळं गप्प. इनायातने स्वयंपाकघरातून विचारलं की कोणाचा फोन आहे. कोणाचा नाही म्हटलं.

ते मोडेम निघालं. पण आता घरात मोडेम आहे.

मंगळवार, २० ऑक्टोबर.

जर्मनीत एक वाक्य होतं: बहुतेक वेळा दोष कपॅसिटरचा असतो. दोन बदलले. डाग देताना तापलेलं सोल्डरिंग आयर्न पांढऱ्या टेबलक्लॉथवर राहिलं. इनायात म्हणाली की तो चाळीसाव्यासाठी धुऊन ठेवला होता. भोक बशीएवढंच आहे, वर बशी ठेवता येईल, हे मी सुचवलं. जेवण बाहेर केलं. कोशरी, म्हणजे गाड्यावरचा डाळ-भात-मॅकरोनी.

कचरा तसाच.

शनिवार, २४ ऑक्टोबर.

एका जागी बसवत नाही. विजेच्या ऑफिसात, कामावर, तीनदा उठलो, दोनदा कशासाठी उठलो तेच आठवेना. एका म्हातारीच्या मीटरच्या तक्रारीवर 'निकाली' असा शिक्का मारून बसलो. ती म्हणाली, बेटा, तू तर वाचलंही नाहीस. घरी आलो की मशीन, मशीनवरून गॅलरी, गॅलरीतून पुन्हा मशीन. खालचा इस्त्रीवाला विचारतो की कोणी येणार आहे का.

इनायातने हळूच लबीबचं नाव काढलं. मी म्हटलं, गुरुवारपर्यंत नाही झालं तर देऊ त्याच्याकडे. कुठला गुरुवार ते बोललो नाही.

साखर तीन चमचे. तात्पुरती.

गुरुवार, २९ ऑक्टोबर.

इनायात पडद्यासमोर येऊन बसली. त्या कचऱ्यावरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत होती. विचारलं की यात माझं नाव कुठे असेल. मी म्हटलं, तिसऱ्या ओळीत. तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

मला काय माहीत तिसऱ्या ओळीत काय आहे. का बोललो कोण जाणे.

रविवार, १ नोव्हेंबर.

कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून लबीबकडे गेलो. निव्वळ तुलनेसाठी. एका मित्राचं आहे म्हणून सांगितलं. त्याने आपल्या मशीनला लावलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाला की कार्ड ठणठणीत आहे, फक्त हे दोन कपॅसिटर कोणा गाढवाने लावलेत? मित्राने, मी म्हटलं. मग म्हणाला की टोपीचा नंबर प्रत्येक मशीनचा वेगळा असतो, मित्राला विचार कुठला होता. मी शून्य म्हटलं. तो म्हणाला, शून्य आजवर कोणाचा बघितला नाही. मी म्हटलं, मालकाच्या हातचं लिहिलेलं आहे, पेन्सिलने. म्हणाला, मग ते लिहिलेलं घेऊन ये. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

निष्कर्ष: लबीबचा उगाच बोलबाला आहे. ठणठणीत कार्ड कचरा दाखवील का?

उरलेले सात नंबर एकेक करून बघायचं मनात आलं होतं. पण ते म्हणजे गेलेल्या माणसाच्या अक्षरावर अविश्वास. आमच्यात तसं करत नाहीत.

मंगळवार, ३ नोव्हेंबर.

कार्ड फ्रीजमध्ये दोन तास. मग गॅलरीत उन्हात दोन तास. मग पुन्हा कोलोन. घरभर न्हाव्याच्या दुकानाचा वास. रिफअतचे तीन फोन, घेतले नाहीत.

बुधवार, ४ नोव्हेंबर. दुपार.

पर्यायी योजना. अम्म इलहामी काय लिहितील ते मला साधारण माहीत आहे. तेवीस वर्षं ऐकलं आहे. तेव्हा मीच लिहायचं, पडद्यावरून उतरवून घेतलं म्हणायचं, इनायात वाचील, सगळ्यांचं समाधान. यात खोटं असं काही नाही, एका अर्थी अनुवाद आहे.

पहिला मसुदा: 'प्रिय मुली, जगात सचोटीने वाग आणि नवऱ्याच्या बुद्धीवर विश्वास ठेव.' वाचून बघितलं, सासऱ्यांचं वाटेना. दुसऱ्यात माझी स्तुती कमी केली. तिसऱ्यात दोनच ठिकाणी ठेवली. तिसरा बरा आहे, खिशात आहे. चहाची चव लागत नाही.

गुरुवार, ५ नोव्हेंबर. दुपारी दोन.

मशिदीतून खुर्च्या आणायला गेलो होतो. आलो तर इनायात मशीनसमोर, हातात भुवयांचा चिमटा. पडद्यावर अरबी. स्वच्छ, जोडलेलं, उजवीकडून.

झालं असं. वडिलांच्या हातचं काहीतरी फोटोजवळ ठेवावं म्हणून तिने झाकणातलं ते पाकीट काढलं. मग कार्डाकडे बघितलं, चिमट्याने टोपी पाचवर बसवली आणि मी आल्यावर विचारलं की बाबांनी पाच लिहिलाय, तर तू टोपी शून्यावर कशाला ठेवलीस?

आमचा अरबी पाच गोल असतो. शून्य म्हणजे नुसता ठिपका. हे शुब्रातल्या भाजीवाल्यालाही कळतं. पण मी जर्मनीहून आल्यापासून गोल दिसला की मला शून्य दिसतो, त्यात पिनांचे नंबर इंग्रजीत.

मी म्हटलं, कपॅसिटर बदलल्यामुळेच आता पाच चालतोय. खिशातला मसुदा गॅलरीत जाऊन फाडला. तुकडे इस्त्रीवाल्याच्या अंगावर पडले.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

घर भरलं होतं. कुराण वाचून झालं, बिनसाखरेची कॉफी फिरली. इनायातने उभं राहून पडद्यावरून वाचलं. अम्म इलहामींना अर्जाशिवाय दुसरं काही लिहिता येत नव्हतं, तेव्हा तो अर्जच होता.

सन्माननीय इनायात हानम यांच्या सेवेशी. अर्जदार इलहामी, आपला बाप, राहणार शुब्रा, सविनय कळवतो की सन १९८९ साली अस्वानच्या शाळेत शिक्षिका म्हणून आपली नेमणूक झाल्याचं पत्र घरी आलं होतं. आई नसलेली मुलगी इतकी लांब जाईल म्हणून अर्जदाराने ते लपवलं. आपण वर्षभर रोज पोस्टमनची वाट बघत जिन्यात बसत होता, हे अर्जदाराने बघितलं आणि तरी दिलं नाही. लोकांचे हजारो अर्ज लिहिले, हा एक लिहायला सव्वीस वर्षं लागली. पत्र मशीनच्या झाकणातल्या पाकिटात आहे. माफी मिळावी, ही विनंती.

तिने पाकीट फाडलं. पत्र निघालं, पिवळं पडलेलं. माझ्या नाकासमोर महिनाभर होतं ते. तिला पुढे वाचवेना. रिफअत डोळे पुसत होता. मीही पुसत होतो, हे लिहायला हरकत नाही. मग तिने श्वास घेतला आणि शेवटची ओळ वाचली.

टीप: पाकिटावरचा आकडा पाच आहे. वग्दी शून्य वाचील. घर नंबर पंधराच्या वेळीही त्याने तेच केलं होतं, जिन्यातला दिवा चालू होता.

चाळीसाव्याला हसायची पद्धत नाही. कुराण वाचणारे शेखसुद्धा रुमालात तोंड घालून बसले. उस्ता लबीबही आला होता, रिफअतच्या ओळखीने. त्याने मला लांबून नमस्कार केला आणि मित्र कसा आहे म्हणून विचारलं.

सगळे गेल्यावर इनायातला विचारलं की पत्र मिळालं असतं तर गेली असतीस का? म्हणाली, त्याच दिवशी. गाडी धरून. मी म्हटलं, मग आपलं लग्न झालं नसतं. ती पत्राची घडी घालत होती. म्हणाली, झालं असतं. अस्वानलाही कुठेतरी दहा नंबरच्या घरी जायला निघून तू चुकून माझ्या दारात आला असतास.

यात कौतुक किती ते विचारलं नाही. तिने चहा केला. तिने स्वतःच साखर घातली, चार चमचे, मी मोजले.