उंचीप्रमाणे रांग

भिलाई,
९ नोव्हेंबर १९८७

तीर्थरूप ताई,

शामसुंदरचा वाकून नमस्कार. बाबांचा गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवतो. वरण आता करपत नाही.

ललिता गेल्यापासून मी वर्गाबाहेर कुणाशी बोलत नाही, म्हणून तू चार माणसांत जायला लिहिलंस. त्याप्रमाणे, शाळेत कॉम्प्युटर कसा शिकवावा यावरच्या शिक्षकांच्या संमेलनाला गेलो. शिक्षक तीस आणि कॉम्प्युटर एक. तोही कुलपात, आणि किल्लीवाले साहेब रायपूरला. मग वेळ काढायला मलाच पुढे उभं केलं.

 मी म्हटलं, "कॉम्प्युटर यादी कशी लावतो, ते आपणच करून पाहू. प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याशी उंची ताडायची. बुटका पुढे, उंच मागे. रांग आपोआप लागेल."

रांग लागली, पण उंचीप्रमाणे नाही. सगळ्यांत उंच दयाराम सर पहिल्या जागेवरून हलेनात. "माही सर्व्हिस बावीस वर्षांची. मी या कालच्या मास्तरच्या मागं कावून उभा राहू?" त्यांचं पाहून बाकीचेही सीनियॉरिटीने उभे राहिले.

रांगेतल्या वसुंधराबाई म्हणाल्या, "सर, ते उंची पाहून राहिले, सर्व्हिस बुक नाही!"

सगळे हसले. मीही मोठ्याने हसलो. लगेच लाज वाटली आणि नळावर जाऊन तोंड धुतलं.

आठच महिने झाले आहेत, ताई. बायको गेल्यावर वर्षाच्या आत असं हसलेलं चालतं का? काकूंना विचारू नकोस, तूच सांग.

तुझा धाकटा,
शामू