हळदीची रेघ

निपाणी, सोमवार, सन १९३६
आज शहापुराहून इथं ल्योकाकडं आले. नात झालीया, नाक थेट माझं. (सुनेचं नाक बसकं, पण ते इथं कशाला.) मष्णू तंबाखूच्या वखारीत कारकून, खोली वखारीच्या पाठीलाच. मला मिश्रीची सवय, म्हणून हा वास गोडच लागला. सून अंजनी म्हणाली, आत्ती, तुमी हितंच जन्मायच्या होता. रविवारी बारसं. नाव मीच ठेवणार.

मंगळवार
पाळण्यात बारीक तांबूस किडे. आमच्याकडं विणायच्या मागाखाली मुंग्या झाल्या की हळदीची रेघ मारतो, मुंगी ती ओलांडत न्हाय. तशी पाळण्याभोवती मारली. बाळीलाही हळद-तेल चोळलं. लई हसली.

बुधवार
किडे दुप्पट. रेघ ओलांडायची कशाला, ती खातच बसलेत. मष्णू आता सांगतो, आई, हे तंबाखूतले किडे, हळद त्यांचं जेवण. आदी सांगायला तोंड शिवलं होतं व्हय? सगळी पुसून काढली. अंजनीला बजावलं, पोरीला हळद लावू नको. म्हणते, बारशाला बिनहळदीची पोर कोण दाखवतं?

गुरुवार
हळदीचा वास काढला, तर किडे बाळंतिणीच्या दिव्याचा उजेड धरून आले. दिवा विझवला, तर अंगाची ऊब धरून. मी अंधारात एक भिंत चाचपत चालते, ती सुटली की पडते. ह्यांचं तसं न्हाय. नाक, डोळं, अंग, सगळं एकदम कामाला. एक वाट मोडावी, दुसरी धरतात. ह्या घरात माझं कुणी ऐकत न्हाय, किडे तर न्हायच न्हाय.

शनिवार
बाळीच्या नाकपुडीत एक. ओढून काढला. श्वास घेत नव्हती, मग घेतला. मष्णू म्हणतो, वखारीत राहायचं तर हे चालायचंच.

रविवार, सकाळ
किड्यांना मीच पाळण्यापासनं लांब नेते. हळद अंगभर फासली, तोंडात मिश्री, हातात पेटता कंदील, वर घोंगडं. वास, उजेड, ऊब, सगळं माझ्याकडं. वखारीत बसले, दार लोटलं.

आले. पाळणा सोडून आले. लई बरं वाटलं —

अजून येतायत. तंबाखूच्या बोदांतनं, भिंतीतनं — कंदील दिसंना —

ओठांवर बसलेत. तोंड उघडलं तर आत —

दाराशी अंजनी आलीया. आत्ती, बघा तरी म्हणते, बाळी हळदीनं कशी पिवळीधमक —

सगळे दाराकडं वळले.

हाक मारता येत न्हाय — दार उघडू नको गं, अंजने, दा —