तिसरी हाक

आये, माझी गोष्ट परत आली. मासिकाचे संपादक म्हणतात, बाई, शेवटी दार उघडा, भूत दाखवा. एवढं घाबरवून वाचकाला उंबऱ्यावरच उभं ठेवायचं म्हणजे काय? मी आता फ्रेंचमधून भीतीच्या गोष्टी लिहिते. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, तुला हे ठाऊक असायचं कारण नाही. आता आपलं हे बेट स्वतंत्र झालं, शमें ग्रेनिए गावातल्या आपल्या घराला सिमेंटचं छप्पर आलं, आणि लोकांना घाबरायला अजून तितकंच आवडतं.

हे काम मी तुझ्याकडूनच शिकले. उसातून आलीस की तू चुलीपुढे ब्रेदची पालेभाजी निवडत बसायचीस आणि गोष्ट सुरू व्हायची. एकदा मी मधेच तुझ्या भुताला शिंगं लावली, तर केवढी डाफरलीस! "शिंगं कशाला गो? शिंगं बघून माणूस हसतंय. भूत आपल्या वळखीचं पायजे. दारात यावं नि चिमूटभर मीठ मागावं." तुझं भूत तसंच यायचं, घरच्याच माणसाच्या आवाजात. नेमका त्याच वेळी भात उतू जायचा, तू उठायचीस, आणि आम्ही दोघं भावंडं श्वास रोखून बसायचो. गोष्टीत कुठं थांबायचं ते अजूनही मी त्या भातावरून ठरवते. तुझा नियमही पक्का होता. तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर तिसरीपर्यंत ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरीला त्याच्यात जीव उरत नाही.

मग तो मोठा सिक्लोन आला, चक्रीवादळ. वारा मधेच पडला, तशी तू शेळी बघायला निघालीस. "अडसर घाल गो, आलेच मी." तिन्हीसांज झाली आहे. वारा उलट्या बाजूनं परत सुटलाय. आणि दाराशी तुझा आवाज, "बाय, दार उघड." धाकटा उठतो. "आयेच हाय ती!" मी त्याचा हात धरते. "थांब. आयेनंच सांगितलंय ना? तिसरी येऊ दे." दुसरी हाक येते, अगदी बारीक. मग नुसता वारा. अडसरावर हात ठेवून मी तिसरीची वाट बघतेय, आणि आवाज हुबेहूब तुझा आहे याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटतेय.

शेवटी त्यानं मला ढकललं आणि दार उघडलं. तू उंबऱ्याशी पडली होतीस. उडत आलेल्या पत्र्यानं खांदा चिरला होता. तिसरी हाक मारायला तुझ्यातच जीव नव्हता. चटईवर निजवल्यावर डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "भली गोष्ट सांगितली गो मी." हसलीससुद्धा. पुढं जखम चिघळली. त्या वर्षीची ऊसतोड तू पाहिली नाहीस.

आता संपादकांना काय कळवू? दारापलीकडे कोण असतं ते मला माहीत आहे, म्हणूनच मला ते लिहवत नाही. तुझी फार आठवण येते, आये. हा कागद कुठं धाडायचा नाहीये, म्हणून सांगते. तिन्हीसांजेला मी दाराला कडी लावत नाही. घरचे ओरडतात, मी ऐकून घेते. तू एकदाच हाक मार. भूत असलीस तरी चालेल.