मठ्ठ्याच्या बर्फातलं प्रोटीन

नांदेड

तीर्थरूप दगडोबामामा आणि सिंधुमामी यांना औशाच्या दीपमालाचा वाकून नमस्कार. (प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसून लिहून राहिले, तेव्हा वाकणं मनातल्या मनात.) मामा, गुडघा कसा आहे? मामींच्या खोकल्याचं औषध तुम्हीच पिता असं कळलं. त्यानं गुडघा बरा होत नसतो. फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर, आणि ही गोष्ट सगळ्या भोकरला ऐकवायची नाही.

मामा, तुमच्या भाचीनं फड मारला!

मी इथं जिमची पावडर बनवते असं तुम्हाला वाटतं. ("ताईकडून डबा आण, दंड फुगतील," असं तुम्ही तुमच्या बजरंगला भर पंगतीत सांगितलं होतं.) माझं प्रोटीन रानतुरीच्या दाण्यातलं आहे. तुरीची शेंग पोखरणाऱ्या अळीनं ते खाल्लं की तिच्या पोटातला पाचक रस बंद पडतो. खाल्लेलं पचत नाही, अळी खुरटते. सांगायला सोपं, पण दाण्यातून तेवढंच वेगळं काढता काढता बजरंगची अख्खी शाळा संपली. हाती आलं ते अत्तराच्या कुपीएवढ्या नळीत मावेल इतकं. उन्हानं तापलं की संपलं.

ते तपासणार होत्या बंगळूरच्या मोठ्या शास्त्रज्ञ महामाया मॅडम. त्या लातूरच्या कॉलेजात एकच दिवस येणार. म्हणून थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरला, त्यात नळी खोचली आणि मे महिन्यात एसटीत बसले. चाकूरच्या अलीकडं गाडीनं मान टाकली. डब्यात बर्फाचं पाणी, वर सूर्य, आणि माझ्या डोळ्यांत पण पाणी. (हे आईला सांगू नका.)

रस्त्याच्या कडेला लग्नाचा मांडव होता. मांडव म्हणजे मठ्ठा, मठ्ठा म्हणजे बर्फ! आत घुसले. नवरीचे वडील ईश्वरप्पा अक्षता वाटत होते.

"कोणाकडची गं तू?"

"कोणाचीच न्हाई काका, बर्फ पायजे. ह्यात प्रोटीन हाय."

"पहिलवान हाय का घरात?"

तेवढ्यात आचारी निवृत्तीनं माझा डबा घेतला, नळी बर्फाच्या लादीवर ठेवली आणि डब्यासाठी दुसरा बर्फ फोडू लागला. मी काकांना अळी समजावून सांगतेय, आणि ह्या भल्या आचाऱ्याला वाटलं, नळीत मठ्ठ्यात घालायचा वेलचीचा अर्क आहे! झाकण उघडून तो मठ्ठ्याच्या पातेल्यावर वाकला. मामा, मी अशी किंचाळले की निवृत्तीचा हात आणि भटजींची मंगलाष्टकं, दोन्ही थांबली. सगळा मांडव माझ्याकडं बघून राहिला. ईश्वरप्पा मात्र तोवर समजले होते. त्यांची दोन एकर तूर ह्याच अळीनं खाल्लेली. "पोरीला लातूरला सोडा," म्हणाले, "नवरदेवाची गाडी रिकामीच हाय."

तर झेंडूच्या माळा, मागं 'शिवम वेड्स जया', आणि मांडीवर डबा, अशी मी कॉलेजात उतरले. शिपायानं हार आणू का विचारलं. महामाया मॅडमनी अभिनंदन केलं आणि नवरा कुठं आहे म्हणाल्या.

मग दोन नळ्यांत अळीचा पाचक रस घेतला. रस चालू असला की नळी पिवळी होते. माझं प्रोटीन नव्हतं ती हळदीसारखी पिवळीधमक झाली. माझी? झऱ्याच्या पाण्यासारखी निर्मळ! मॅडमनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. मग उठून त्यांनी माझा हात हातात घेतला.

तुमची,
दीपमाला

ता. क. मॅडमच्या शिफारशीनं मला दोन वर्षांसाठी जर्मनीला बोलावलंय. मी 'हाव, येते' म्हणून बसले. आईला अजून सांगितलेलं नाही. तिनं उदगीरचं एक स्थळ बघून ठेवलंय. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुम्हीच सांगा.

ता. क. २ तुम्ही नको म्हणालात तरी मी जाणार. पण तुम्ही जा म्हणालात तर रडत जाणार नाही.

ता. क. ३ भोकरला निघालेल्या भागवतच्या हाती पत्र देतेय तोच कळलं, आई औशाहून तुमच्याकडंच निघालीय. दोघं एकदमच पोचतील. आधी पत्र उघडा, मग दार.