काउंटरसाठी ताजे चेहरे

३ जून, सकाळ
चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढली, पण धाकट्या मालकांसारखा माणूस पाहिला नाही. थोरले नुसते बसून असायचे, हे सारखे फिरतात. आज म्हणाले, काउंटरवर ताजे चेहरे हवेत. मी ताबडतोब पाठिंबा दिला. निवडीचं काम माझ्यावरच सोपवलं. म्हणजे मॅनेजरपद ठरल्यात जमा. बायकोने विचारलं, लेखी दिलंय का? तिला दूरचं दिसत नाही.

५ जून
इंटरव्ह्यू घेतले. एकाचं वय अठ्ठेचाळीस. हात असा कसलेला की फ्रेमची काडी गरम करून न बघता कानाच्या मापाने वाकवली. पण टक्कल, गाल बसलेले. असा चेहरा बघून गिऱ्हाइकाला स्वतःचं वय आठवतं. नापास केला. जाताना म्हणाला, साहेब, तुम्ही तरी समजून घ्याल असं वाटलं होतं. 'तुम्ही तरी' म्हणजे काय, कळलं नाही. मी फक्त चोपन्नचा आहे.
तेवीस वर्षांची एक मुलगी घेतली. हसते छान. काडी उलटी वाकवते. शिकेल.

९ जून
शिकली. चार दिवसांत. माझं सगळं कसब तिच्या हातात दिलं. मला काका म्हणते. सर म्हणायला सांगितलं. बरं काका, म्हणाली.

१२ जून
बढती! मालकांनी मागची खोली दिली. दुरुस्तीचं टेबल, एक दिवा, पुढे पडदा. स्वतंत्र केबिनच. गिऱ्हाईक असताना बाहेर यायचं नाही, एवढीच अट. मोठी माणसं उठसूट कुणाला भेटत नसतातच.
दुपारपर्यंत अकरा वेळा डोकावलो. बूड टेकत नाही.

१४ जून
मालकांनी सहज विचारलं, काका, निवृत्तीचं काय ठरवलंय? गंमत करत असणार. तरी जेवण गेलं नाही, म्हणजे डाएट सुरू झालं.

१५ जून, रविवार
केस काळे केले. कपाळही थोडं झालं. तीस वर्षांची मिशी काढली. मुलगा म्हणाला, बाबा, आधी आवाज देऊन समोर येत जा. दहा वर्षं तरी कमी झाली असणार.

१७ जून
मुद्दाम पडद्याबाहेर आलो. शाळेतल्या बाई आल्या होत्या, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. माझ्याकडे बघून विचारलं, ते मिशीवाले काका कुठे आहेत? त्यांच्याशिवाय कुणाला चष्म्याला हात लावू देणार नाही. मीच तो, म्हटलं. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि निघून गेल्या. आपल्याच हाताने पायावर धोंडा. मालक बघत होते.

१८ जून
उद्यापासून येऊ नका म्हणाले. कामात काही खोट आहे का, विचारलं. काम चोख आहे काका, पण दुकानात सगळीकडे आरसे लावलेत, बाहेर आलात की सगळ्यांत तुम्हीच दिसता, म्हणाले.
घरी सांगितलं, मीच सोडली. बायकोने चहा केला. न मागता दोन बिस्किटं पुढे ठेवली. त्याचाच जास्त राग आला.

२३ जून
दोन दुकानांत जाऊन आलो. दोन्हीकडे पोरगेले मालक. फ्रेमला हातसुद्धा लावू दिला नाही, वय विचारलं आणि कळवतो म्हणाले. बोलायची पद्धतच नाही लोकांना.
आपल्या दुकानाला माझी किंमत कळायला आठवडा पुरे. फोन आला तर अटी तयार आहेत: काउंटरवर जागा, हुद्दा, आणि सर म्हणायचं. फोन घेऊन घरभर फिरतोय.

२७ जून
फोन आला! मालकांचाच! तीनदा वाजू द्यायचा ठरवलं होतं, पहिल्यालाच उचलला. विचारलं, बारीक स्क्रू कुठल्या खणात असतात? डावीकडून तिसरा, सांगितलं. मग म्हटलं, मीच येऊन काढून देतो. गिऱ्हाईक असलं तर मागच्या दाराने येईन.
नको काका, सापडले, म्हणाले.