आईचा रीडर मी नेलाय

झोर्नित्सा,

आईचा ई-रीडर शोधू नकोस. तो घेऊन मी तिच्या कबरीवर गेलोय. घरातलं वायफाय मीच बंद केलंय, चालू करू नकोस.

आपल्याकडे माणूस गेलं की दारावर फोटोचा कागद लावून गावभर कळवतात. तसाच कागद तू पुस्तकांच्या कंपनीलाही पाठवलास, तिची पुस्तकं माझ्या नावावर व्हावीत म्हणून. तुझ्यावर राग नाही. काल कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली, "आजोबा, पुस्तकं आजींची नव्हतीच. वाचायची परवानगी होती, ती त्यांच्याबरोबर संपली. आता खातं बंद होऊन सगळं पुसलं जाईल."

मी म्हणालो, "मग माझ्या नेवेनाने विकत काय घेतलं, पोरी, वारा?"

इंटरनेट नसलं की त्यांचा हात इथवर पोचत नाही. पुढच्या पुस्तकांसाठी, तू म्हणतेस तसा, कुठलीही फाइल उघडणारा रीडर शनिवारी प्लोवदिवहून आणू. पण हा मी सोडणार नाही. आई जिथे थांबली, तिथून पुढे रोज तिला मोठ्याने वाचून दाखवतोय. अर्धं पुस्तक उरलंय.

भरल्या मिरच्या ओव्हनमध्ये आहेत. कंपनीचा फोन आला तर सांग, तिला शेवट ऐकवून झाला की खुशाल पुसा.

बाबा