माझ्या वाटचा नमस्कार

चौल,
पौष शुद्ध एकादशी, शके १८५५

तीर्थस्वरूप दादा यांस,

बापूचा साष्टांग नमस्कार. हा कागदावरचाच गोड मानून घे, कारण प्रत्यक्ष हात जोडायला मला सध्या घरात बंदी आहे. का, ते पुढे येईलच. इकडे सर्व क्षेम. तुझे पोट कसे आहे? ओवा घेतोस की नुसती पुडी उशाशी ठेवतोस? वहिनींची कंबर, मुलांचा खोकला, सगळ्याचे सविस्तर कळव. आत्या, म्हणजे तुझी आई, गुडघे सोडून ठणठणीत आहे. गुडघ्यांबद्दल विचारले की ती आपल्या म्हशीबद्दल सांगू लागते, त्यावरून काय ते समज.

आता मुख्य गोष्ट. मोटारीच्या परीक्षेत मी नापास झालो. पुन्हा परीक्षा पुढच्या बुधवारी आहे. (हे वाक्य लिहून मी उठलो आणि गोठ्याशेजारी जाऊन मोटार जागेवर आहे ना ते बघून आलो. सकाळपासूनची ही सातवी खेप. ती जागेवरच असते.)

दिवाळीनंतर तुझी जुनी मोटार पडावातून रेवदंड्याच्या बंदरात उतरली, तेव्हा सोबत तुझी चिठ्ठी होती. आईला पालीला नेण्याचे श्रावणात जमले नाही, दिवाळीतही रजा मिळाली नाही, सबब मोटार पाठवीत आहे, बापूने शिकून घ्यावे. बापूने! ज्या माणसाने आजवर रहाटाच्या बैलांमागे गोल गोल फिरण्यापलीकडे काही हाकले नाही, त्याने. पण आत्याने मनावर घेतले. माघी चतुर्थीला बल्लाळेश्वराचे दर्शन, तेही तुझ्याच मोटारीतून. सर्व्हिस मोटारीत परक्यांच्या मांडीला मांडी लावून ती बसणार नाही, आणि बैलगाडीचे दोन दिवसांचे धक्के तिला सोसणार नाहीत. यंदा झाले तर झाले, पुढच्या वर्षाचे मला विचारू नका, असे ती दूध तापवता तापवता म्हणाली. दादा, तिने ते इतक्या सहज म्हटले की मला रात्रभर झोप लागली नाही. तिने मला आईच्या माघारी वाढवले. तिला एवढे एक देवदर्शन घडवता येत नसेल, तर मी वाडीत नुसती सुपारी मोजायला जन्मलो काय?

शिकवायला सर्व्हिस मोटारीचा हिरामण होता. माणूस गुणी, पण शिकवणी एका वाक्याची. ‘बापूराव, हात सुटला का जीव सुटला, येवढं ध्येनात ठेवा.’ महिन्याभरात मी हँडल मारायला शिकलो (अंगठ्याचे नख अजून काळे आहे), गिअर टाकायला शिकलो, कोंबडी आडवी आली तर कोंबडीवर विश्वास ठेवायला शिकलो. परीक्षेला अलिबागेहून साहेब आले. साहेब म्हणजे आपलेच, घाटावरचे, डोक्यावर हॅट आणि मांडीवर एक लांबलचक कागद. माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, चला. मी चाललो. नारळीच्या वळणावर वळलो, पुलावर भोंगा वाजवला, गाडीवाल्याला बाजू दिली. साहेब प्रत्येक गोष्टीनंतर कागदावर बारीक खूण करत होते. मला वाटले, झाले, माघी चतुर्थी साधली.

आणि मग वेशीवरचा आपला बहिरीदेव आला.

आता तूच सांग, बहिरीसमोरून आपण कधी हात न जोडता गेलो आहोत? मास्तरांच्या छडीला भिऊन शाळेत पळत जाताना आपण दोघे थांबायचो. न थांबल्यास आत्या मागून येऊन कान धरायची आणि उलटे फिरवून देवासमोर उभे करायची. चाळीस वर्षांचे वळण ते. देऊळ दिसले, माझे दोन्ही हात चाक सोडून छातीशी आले, डोळे मिटले आणि मी म्हणालो, बहिरीबाबा, परीक्षा पास होऊ दे. बाबाने ऐकले असेल, पण मोटारीने नाही. ती उजवीकडे गोदूबाईच्या खळ्यात शिरली, वाळत घातलेल्या सुपाऱ्यांवरून कडकड करत गेली आणि पेंढ्याच्या उडवीत तोंड खुपसून थांबली. कोणाला काही लागले नाही. साहेबांची हॅट तेवढी गोदूबाईच्या रेड्याजवळ पडली, आणि रेडा तिचा वास घेत बराच वेळ विचार करत होता. साहेबांनी कानातला पेंढा काढला आणि अगदी शांतपणे विचारले, हे तुम्ही मुद्दाम केलेत का? मी म्हणालो, होय, म्हणजे नाही, म्हणजे नमस्कार मुद्दाम, बाकीचे आपोआप. त्यांनी कागदाची घडी घातली. माणूस वाईट नाही. दुसरा असता तर पुन्हा ये म्हणालाच नसता.

तेव्हापासून घरात माझे हात हा एकच विषय आहे. रस्ता दुसरा नाही, देव हलणार नाही, राहिले हात. तुझ्या भावजयीने, अनुसूयेने, मला झोपाळ्यावर बसवून हातात भाकरीची काठवट दिली. मी काठवट फिरवत मोटार चालवायची, आणि तिने वाटेल तेव्हा पूजेची घंटा वाजवायची. घंटा वाजली की काठवट माझ्या पायावर. पहिल्या दिवशी अकरा वेळा, दुसऱ्या दिवशी चौदा वेळा. (प्रगती उलट्या दिशेने कशी होते हे मला तेव्हा कळले.) तिसऱ्या दिवशी भाकरीची वेळ झाली म्हणून तिने काठवट परत नेली, आणि मी नुसत्या हवेत हात फिरवत बसलो. तेवढ्यात खोत भेटायला आले. ते दारातूनच परत गेले.

मग हिरामणने सुंभाने माझे दोन्ही हात चाकाला बांधले. उपाय नामी होता. बहिरीसमोर हात जागचे हलले नाहीत. पण पुढे वळणावर म्हशी आल्या, आणि भोंगा दाबायला हात सुटेना. मी तोंडाने पों पों केले. म्हशींनी माझ्याकडे पाहिले. माझ्या जागी तू असतास तर तुलाही लाज वाटली असती.

शेवटी गुरवाकडे गेलो. म्हटले, बहिरीलाच कौल लावू, मोटारीत असताना हात जोडण्याची माफी असावी का नसावी. भागोजी गुरवाने पाषाणावर फुले चिकटवली आणि गाऱ्हाणे घातले, ‘बाबा म्हाराजा, ह्यो बापू तुजाच लेकरू हाय, त्येचं हात मोटारीत गुतल्यात, माफी देनार असशील तर उजवा दे.’ दीड तास झाला. फूल ना उजवीकडे पडे, ना डावीकडे. भागोजीच म्हणाला, ‘देवाला मोटार म्हायत न्हाय, तो तरी काय सांगंल?’ तेव्हा हिरामणकडून मोटार आणवून देवाच्या पुढ्यात उभी केली, भोंगा वाजवून दाखवला. भोंग्यासरशी उजवे फूल पडले. (अनुसूया म्हणते, ते भोंग्याच्या हादऱ्याने पडले. तिचे माहेर पेणचे, तिथे सगळे असेच बोलतात.) भागोजीने अर्थ सांगितला की हात न जोडता नुसती मान लववली तरी चालेल. मी आनंदाने सरावाला निघालो, आणि तेव्हा उमगले की मान लवली की डोळे मिटतात. माझ्याकडे ही सगळी यंत्रणा एकातच जोडलेली आहे. हिरामण म्हणाला, ‘त्यापरीस हात जोडा, बापूराव. निदान मरताना पुन्य तरी लागंल.’

हे सर्व आत्या ओटीवर वाती वळत ऐकत होती. काल संध्याकाळी म्हणाली, मेल्या, तुला हे वळण मीच लावले ना? मग मीच निस्तरते. बुधवारी सकाळी मी बहिरीच्या पायरीवर जाऊन बसते. तुझी मोटार आली की तुझ्या वाटचे हात मी जोडीन. तू डोळे उघडे ठेव आणि पुढे जा. नमस्काराला नमस्कार होईल आणि गोदूबाईच्या सुपाऱ्याही वाचतील.

इतका साधा उपाय, आणि मी देवाला मोटार दाखवत हिंडलो. तेव्हापासून जरा बरे वाटते आहे. जरा म्हणजे, जेवण जाते, पण चव लागत नाही. (आठवी खेप करून आलो. मोटार जागेवर आहे.) वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि ओवा घेत जा.

तुझा,
हात मांडीखाली दाबून बसलेला
बापू

ता. क. – एवढे लांबण लावले ते कशासाठी, हे तू ओळखले असशीलच. तुझ्याकडे लायसन आहे. तू मंगळवारच्या बोटीने आलास आणि मोटार तूच पालीला नेलीस, तर माझी परीक्षा पावसाळ्यानंतर सावकाश होऊ शकेल. माझ्यावर दया कर.

दुसरा ता. क. – आज बुधवार. वरचा मजकूर लिहून पत्र खिशातच राहिले, कारण दया कर म्हणताना माझीच मला लाज वाटली. परीक्षा झाली. बहिरी आला. पायरीवर आत्या बसली होती, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून. माझे हात चाकावर घट्ट राहिले, डोळे सताड उघडे राहिले. पण दादा, म्हातारी आत्या उन्हात बसलेली दिसते आणि आपण मोटारीतून तशीच पुढे जायचे? माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मोटार तिच्यासमोर अलगद थांबली, दुधाचे भांडे खाली ठेवावे तशी. मी म्हणालो, आत्या, बस, घरी सोडतो. तिने शेजारी बसलेल्या साहेबांकडे पाहिले आणि म्हणाली, ही जागा माझ्या दादाची आहे, हे कोण बसलेत? साहेबांनी हॅट काढली, खाली उतरले आणि मुकाट मागच्या सीटवर जाऊन बसले. ती मात्र चढली नाही. म्हणाली, तू हो पुढे, माझा नमस्कार अर्धा राहिलाय. मग शेजारची जागा रिकामी ठेवून आणि साहेबांना वऱ्हाड्यासारखे मागे बसवून मी नागावपर्यंत जाऊन आलो. त्यांनी कागदावर लिहिले, ‘मोटार थांबवणे: उत्तम.’ पास झालो. लायसन अलिबागेहून दोन दिवसांत येईल. तेव्हा पहिला ता. क. रद्द समज.

तिसरा ता. क. – रद्द समजू नको. दुपारी आत्याला पेढा दिला आणि विचारले, माझ्या वाटचा नमस्कार नीट केलास ना? म्हणाली, हात तुझ्या वाटचे जोडले रे, पण मागायची वेळ आली आणि तोंडात दुसरेच आले. मी विचारले, काय? तर म्हणाली, दादाला घेऊन ये. परीक्षा मी माझी मीच पास झालो, दादा, आणि माझ्या वाटचा नमस्कार तुझ्यावर खर्च झाला आहे. आता येणे न येणे तुझे. शेजारची जागा रिकामीच आहे, मघाशी अनुसूया बसली होती, तिलाही आत्याने उठवले.